खाडे

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, आम्ही मिळेल त्या गाडीने गावी गेलो, आणि परत आलो तेव्हा नव्या पेठेतल्या त्या वाड्याच्या दाराला कुलूप होतं. तुम्ही लेकीकडे गेलात एवढंच कळलं. तुमच्या मेसला जेवलेला कुणी हे वाचत असेल तर त्याने काकूंना वाचून दाखवावं. चष्मा लावूनही त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.

मी कोण, ते आठवावं लागेल. महिनाअखेरीला तुमच्या वहीची बेरीज करून देणारा तो मी. त्या बदल्यात रविवारच्या फीस्टला मला एक वाटी जास्त मिळायची. वही माझ्या हाताखालून जायची म्हणूनच मला हे सगळं माहीत आहे, आणि इतकी वर्षं मी ते कुणाला बोललो नव्हतो.

एप्रिल २०१९. ‘अव्हेंजर्स : एंडगेम’ शुक्रवारी, २६ तारखेला लागणार होता. तुम्हाला तेव्हाही सांगून पाहिलं होतं की हा साधा सिनेमा नाही. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून चालत आलेल्या गोष्टीचा हा बाविसावा भाग. आदल्या वर्षीच्या भागात थॅनोस नावाचा राक्षस चुटकी वाजवतो आणि जगातली अर्धी माणसं राख होऊन उडून जातात. तिथेच सिनेमा संपला होता. आम्ही पाचही जण वर्षभर त्या राखेत अडकून पडलो होतो. तुम्ही पोळी लाटता लाटता एवढंच विचारलंत, “अर्धी माणसं गेली, मग मेसवाल्यांनी काय करायचं?” सगळी पंगत हसली होती.

पाच जण म्हणजे सांगलीकर, नगरकर, धुळेकर, लातूरकर आणि मी. नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती आपल्याकडे. रविवारी, २१ तारखेला, जेवताना तिकिटांचा विषय निघाला आणि लातूरकर ताटात बघत म्हणाला, “तुम्ही जा रे. माझा इतिहास राहिलाय.” त्याचा इतिहास कधीच राहिलेला नसायचा. आम्हाला शिकवायचा तो. मराठवाड्यात त्या वर्षी दुष्काळ होता, घरून पैसे येणं थांबलेलं, आणि महिनाभर तो सकाळचा चहासुद्धा पीत नव्हता. आम्ही म्हटलं, तिकीट आम्ही काढतो. झालं, तो चिडला. त्याच्यासमोर पुन्हा विषय काढायची सोय राहिली नाही. सोमवारी दुपारी आम्ही गुपचूप चारच तिकिटं काढली, आणि आपण काहीतरी वाईट केलंय असं चौघांनाही वाटत राहिलं.

आता खाड्यांच्या, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे परत देण्याच्या, तुमच्या पाटीबद्दल. ‘सलग पाच दिवसांपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत. वाद घालू नये.’ पुण्यात अशा पाट्यांची थट्टा करतात, पण तुमची पाटी थट्टेची नव्हती. धुळेकर तापाने चार दिवस पडून होता, तेव्हा त्याचाही खाडा तुम्ही धरला नव्हता. खिमट मात्र दोन्ही वेळा खोलीवर पाठवलं होतंत.

आणि त्याच तुम्ही सोमवारी रात्री लातूरकराला हाक मारलीत, “अरे, तू मतदानाला गावी गेला होतास ना? सहा खाडे झालेत तुझे. चारशे ऐंशी निघतात. हे घे, माझ्या वहीत घोळ नको.” महिन्याचे चोवीसशे, म्हणजे दिवसाचे ऐंशी. गुणाकार बरोबर होता. तो काहीतरी पुटपुटला. तुम्ही म्हणालात, “पाटी वाच, वाद घालू नये,” आणि आत गेलात.

महिनाअखेरीला वही उघडली आणि मी बघतच राहिलो. लातूरचं मतदान १८ ला, गुरुवारी होतं. तो मंगळवारी रात्री जेवून गाडीत बसला होता आणि शनिवारी सकाळी परत आला. खाडे होतात तीन : १७, १८, १९. तुम्ही मांडले होते १७ ते २२. शनिवारी दुपारी तो माझ्या शेजारी बसून जेवला होता. रविवारच्या श्रीखंडाच्या त्याने दोन वाट्या संपवल्या होत्या, त्यातली एक माझी. आणि सोमवारी, काकू, तुम्ही त्याला हा हिशोब ऐकवत होतात तेव्हा त्याचं खरकटं ताट त्याच्या हातातच होतं!

तीन खाड्यांचे पैसे दिले असतेत तर पाटी मोडली असती आणि त्याला दया दिसली असती. म्हणून तुम्ही खाडेच वाढवलेत. मी बेरीज केली, खाली रेघ मारली आणि वही मिटली.

मंगळवारी त्याने आपणहून विचारलं, “तिकिटं शिल्लक आहेत का रे?” त्या दिवशी पुण्याचं मतदान होतं. तुमच्या बोटाला शाई ताजी होती, त्याची काळवंडलेली. पाचवं तिकीट मिळालं ते अगदी पुढच्या रांगेतलं, कोपऱ्यातलं, दोनशे तीस रुपयांचं.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. शो सव्वासहाचा. टिळक रोड, एस. पी. कॉलेज, स्वारगेट करत सातारा रस्त्यापर्यंत चालत. त्या आठवड्यात पुणं भाजत होतं, रविवारी तर पारा ४३ अंशांवर गेला, पण त्या पहाटे रस्त्यावर चक्क गारवा होता. तुम्ही आदल्या रात्री गूळ-तूप लावून दिलेल्या पोळ्या थिएटरच्या बाहेर दुचाक्यांच्या रांगेत उभं राहून खाल्ल्या, कारण आत बाहेरचं चालत नाही. आमच्याकडे बघून एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, “ए, आपण पण काहीतरी आणायला हवं होतं.”

सिनेमा तीन तास एक मिनिटाचा. मध्यंतरापर्यंत लातूरकर पुढे मान वर करून एकटा बसला होता. मध्यंतरात सांगलीकर काही न बोलता उठला, त्याच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्याला आमच्यात पाठवलं. म्हणजे थोरचा, लायक माणसालाच उचलता येणारा हातोडा कॅप्टन अमेरिकाच्या हातात आला आणि अख्खं थिएटर उभं राहून ओरडलं, तेव्हा लातूरकर माझ्या शेजारी होता. एरवी हू की चू न करणारा हा माणूस, त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी वळ दिसत होते. पुढे कॅप्टन फुटकी ढाल हाताला आवळून एवढ्या मोठ्या फौजेसमोर एकटा उभा राहतो. तिथे कुणी ओरडलं नाही. तेव्हा मी लातूरकराकडे बघितलं नाही, मुद्दाम.

शेवटची पाटी जाईपर्यंत बसलो. या मालिकेत नावं संपल्यावर एखादा प्रसंग येतो, तशी सवय. या वेळी आला नाही. फक्त लोखंडावर घण पडल्याचा आवाज आला, पहिल्या सिनेमातला. बाहेर आल्यावर लातूरकराने उरलेल्या पैशांतून पाच चहा पाजले. त्या महिन्यातला त्याचा पहिला चहा तो.

दुपारी जेवायला आलो तर मेसमधले निम्मे लोक रविवारी जाणार होते आणि आम्ही बोलायला आसुसलेलो. सिनेमाच्या दिग्दर्शकांनी, रूसो बंधूंनी, शेवट फोडू नका म्हणून जगाला पत्र लिहिलं होतं. तुम्ही खडूने फळ्यावर लिहिलंत : ‘सिनेमाची गोष्ट सांगणाऱ्यास पोळी मिळणार नाही.’ तुमच्या फळ्याचा धाक जास्त होता. पण सगळे गेल्यावर तुम्हीच आम्हाला थांबवून विचारलंत, “गेलेले परत आले का रे?” हो म्हटलं. “मग झालं,” म्हणालात आणि भांडी घासायला घेतलीत. आयर्न मॅनचं काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. ते भेटल्यावर सांगेन.

लातूरकर आता तलाठी आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा न राहवून त्याला वहीचं सांगितलं. तो जराही दचकला नाही. म्हणाला, “मला काय तीन आणि सहा कळत नाहीत? श्रीखंड खाल्लं होतं मी.” मग विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस? तर म्हणे, “पाटीवर लिहिलं होतं ना, वाद घालू नये.”

तर काकू, तीन दिवस तो जेवला, त्याचे दोनशे चाळीस रुपये त्याच्याकडे निघतात. ते त्याने माझ्याजवळ दिलेत, वर इतक्या वर्षांचं व्याज म्हणून तुमच्यासाठी एक लुगडं घेतलंय. पत्ता कळवा. आम्ही पाचही जण घेऊन येतो, रविवारी, दुपारचे.

तुमचा हिशोबनीस