खिरेश्वरच्या वाटाड्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडाच्या वाटांचं आमच्या गटाचं टिपण यंदा नव्यानं लिहून झालं. गडावर पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते देतो. त्यात कामाचं जे काही आहे, ते तुम्ही आणि गडाच्या पायथ्याच्या पाचनई-बेलपाडा या गावांतल्या वाटाड्यांनी शिकवलेलं आहे. म्हणून हे आभाराचं पत्र, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं.

टिपणाच्या अगदी वर तुमचंच सांगणं आहे: माणूस चढावर चुकत नाही, सपाटीवर चुकतो. खिरेश्वरच्या वाटेला हे तंतोतंत लागू पडतं. गावातून टोलार खिंडीपर्यंत झाडीतली मळलेली वाट आहे, तास-दीड तासाची. खिंडीत वाघाचं शिल्प आहे. तिथून सरळ गेलेली वाट पलीकडे कोथळे गावाला उतरते. गडाची वाट डावीकडे कातळावर चढते. पहाटेच्या अंधारात समोरची वाट सोपी दिसते आणि पाय तिकडेच वळतात. खिंडीनंतर उतार लागला की लगेच मागे फिरायचं, हे आम्ही ठळक अक्षरांत लिहिलंय.

कातळटप्प्यावर रेलिंग आहे आणि भीतीही वाटते, त्यामुळे तिथे सगळे जपूनच चालतात. गडबड होते ती त्याच्या वर. तिथून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत दोन तासांची चाल: टेकडीमागून टेकडी, मधे ओढे आणि कारवीच्या झुडपांचे पट्टे. पुढची टेकडी मागच्यासारखीच दिसते, ढोरवाटा माणसांच्या वाटेइतक्याच रुंद असतात, आणि बालेकिल्ल्याचा फाटाही याच टापूत. ढोरवाट ओळखायची तुमची खूण लाखमोलाची आहे. गुरं फांदीखालून जातात, त्यामुळे त्यांच्या वाटेवर छातीच्या उंचीला झुडपं एकमेकांत गुंतलेलीच असतात. माणसांच्या वाटेवर ती दोन्हीकडे सारलेली असतात, आणि दगड बुटांनी घासून पांढुरके पडलेले असतात.

धुकं आलं तर काय करायचं, तेही तुमच्याच शब्दांत लिहिलंय. शेवटचा बाण किंवा दगडांची लगोर जिथे दिसली, तिथे एकानं उभं राहायचं. दुसऱ्यानं शिट्टी ऐकू येईल एवढ्याच अंतरापर्यंत पुढे जाऊन पुढची खूण शोधायची. सापडली नाही तर परत यायचं. सगळ्यांनी मिळून ‘इकडेच असेल’ म्हणत पुढे जायचं नाही. पावसाळ्यात चुकलेल्या माणसाला दरीइतकाच धोका थंडीचा असतो. भिजलेली जीन्स आणि सुती कपडे अंगातली ऊब खेचून घेतात, वर वारा झोंबतो, आणि तासाभरात माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये हवाच, अगदी एका दिवसाच्या ट्रेकलाही.

पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांची; लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांना तिकडूनच न्यावं. एवढंच की पावसात कड्याच्या पोटाखालून जाताना जेवायला, फोटोला थांबू नये, कारण वरून पाण्याबरोबर दगडही येतात. आणि शेवाळलेल्या कातळावर पाऊल पूर्ण टेकवून चालावं.

बेलपाड्याहून चढणाऱ्या नळीच्या वाटेबद्दल मात्र आम्ही सविस्तर लिहिलंय. नाळ हा गडावरच्या पाण्याचा उतरायचा रस्ता आहे. पावसात तिथे माणसाचं काम नाही, आणि पाऊस संपल्यावरही धोंडे काही आठवडे सैलच असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. बेलपाड्याहून उजाडण्यापूर्वी निघायचं, कारण धोंड्यांच्या ओढ्यातून कोकणकड्याच्या पायथ्याशी पोचायलाच बराच वेळ जातो आणि पूर्ण चढाईला आठ-दहा तास सहज लागतात. माणशी चार लिटर पाणी, डोक्यावर हेल्मेट, कातळटप्प्यांसाठी दोर आणि तो बांधता येणारा माणूस. आठांपेक्षा मोठा गट नको. घसाऱ्यात एकामागे एक रांग धरली तर वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो. म्हणून एकानं आडोशाला पोचून हाक दिली की मगच दुसऱ्यानं निघायचं.

आणि कारवी! हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून मरते. फुलोऱ्यानंतरच्या वर्षी उतारावर ती उभी दिसते, पण खोडं वाळकी असतात आणि भार पडला की कटकन मोडतात. जिवंत कारवीचीही मूठ धरावी ती मुळापाशी.

वर पोचल्यावरचे दोन इशारेही तुमचेच. कोकणकड्याच्या पोटात आग्या मोहोळं असतात, तेव्हा काठावर धूर, फटाके, अत्तर काहीही नको. इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, बघायला सूर्य पाठीशी आणि धुकं समोर दरीत लागतं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे ते सकाळी दिसायचं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ मध्ये त्याची नोंद केली. ते दिसलं की माणसं धावत काठ गाठतात, आणि धुक्यात काठ नेमका कुठे संपतो ते कळत नाही. पोटावर झोपून पुढे सरकायचं, आणि कुणीतरी पाय धरायचे. दुसरा इशारा तारामतीचा. गडावरचं सर्वांत उंच टोक, १४२९ मीटर, देवळामागच्या गुंफांपासून अर्ध्या-पाऊण तासाचं. भाद्रपद-आश्विनात तिथे गवत कमरेएवढं माजतं आणि धारेची कड झाकून टाकतं. काठीनं चाचपल्याशिवाय वाट सोडायची नाही.

१९८६ पासून हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. शेकोटीसाठी फांदी तोडणाऱ्यांना तुम्ही दरवेळी अडवता, त्याबद्दल वेगळे आभार. तेच आता टिपणात नियम म्हणून घातलंय.

आणखी एक गोष्ट लिहिलीय, ती तुम्ही कधीच स्वतः बोलला नसतात. वाटाड्याला दोन दिवस आधी फोन करावा, ठरलेली रक्कम घासाघीस न करता द्यावी, आणि रात्री-अपरात्री चुकलेल्यांना शोधायला गाव वर चढतं तेव्हा बॅटरी, दोर आणि दुसऱ्या दिवसाची बुडलेली मजुरी ही सगळी गावाच्याच खिशातून जाते, हे लक्षात ठेवून ती भरून द्यावी.

छापायला देण्याआधी टिपणाची प्रत घेऊन वैशाखात येतो. फाट्यांची आणि ओढ्यांची नावं तुमच्या तोंडून पुन्हा एकदा तपासून घ्यायची आहेत. जिथे चुकलं असेल तिथे आम्हाला बिनदिक्कत खोडायला लावा.

तुमचे,
गडावर येणारे आम्ही सगळे