शंभर टक्क्यांमागचा पट

महोदय,
दहावीचा निकाल लागला की ठाण्यात नाक्यानाक्यावर 'शंभर टक्के निकाल'चे फलक झळकतात. हे टक्के किती मुलांवरून काढले, ते पालकसभेतही कळत नाही. शाळेच्या वार्षिक अहवालात आधी नववीचा पट द्यावा. त्यातले किती दहावीला बसले, किती दाखला घेऊन गेले, किती जणांना बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, तेही. कच्ची मुले आधीच गाळली तर निकाल शंभर टक्के लागणारच! लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण विषयवार वेगळे दाखवावेत. अंतर्गत गुण सढळ हाताने दिले जातात, मग गणिताच्या पेपरातली घसरण बेरजेत झाकली जाते. सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या टक्केवारीत तर सर्वांत कच्चा विषयच गायब होतो.

– काही निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे