बोअरमधली मोटर काढणाऱ्या चौघांचे आभार

गेल्या मंगळवारी सासवडच्या आमच्या घरी येऊन बोअरमध्ये अडकलेली मोटर वर काढून देणाऱ्या त्या चौघांचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहून गेली, त्याची रुखरुख लागली आहे.

मोटर २४० फुटांवर, म्हणजे २० फुटी १२ लोखंडी पाइपांना टांगलेली. आपल्याकडे केसिंग (बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत बसवलेला रुंद पाइप) वरच्या माती-मुरमापुरतंच असतं, खाली उघडा काळा खडक. त्यातलाच एक दगड सुटून मोटरीवर बसला होता. आधी आलेल्यांनी जोर लावून ओढून पाहिलं आणि नाद सोडला. या चौघांनी मेन स्विच बंद केला, घोडा (वजन उचलायची तिवई) उभा केला, चेनपुली लावली. पण ओढायच्या आधी त्यांच्यातले वयस्कर काका पाइपला नुसता हात लावून उभे राहिले. "थोडं खाली सोडा," म्हणाले. वर-खाली, वर-खाली, पाइप किंचित फिरवत, तासभर. मग खालून खर्रकन आवाज आला आणि पाइप मोकळा झाला. पाइप तुटला असता तर मोटरीसकट बोअरही गेला असता, आणि नवा बोअर आम्हाला झेपणारा नव्हता.

आणखी एक गोष्ट. जेवायला बसण्याआधी त्यांच्यातल्या तरुण पोराने बोअरच्या तोंडावर झाकण घालून वर दोन दगड ठेवले. माझी तीन वर्षांची नात अंगणात खेळत होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दादांनो, या बाजूला आलात की घरी या. चहा त्याच बोअरच्या पाण्याचा होईल.