भरीत-रोडगा राखून ठेवणाऱ्या मावशींचे आभार

चंपाषष्ठीला जेजुरीजवळच्या एका गावात माझा गाण्याचा कार्यक्रम होता. सोबत येणारी नणंद तापाने फणफणली, म्हणून तान्ह्या लेकीला घेऊन एकटीच गेले. संबळ वाजला आणि तिने टाहो फोडला. गाणं थांबवणार, तोच एक अनोळखी मावशी मांडवामागे आल्या. कर्ण्यांपासून लांब, बांबूला लुगड्याची झोळी बांधून तिला जोजवलं. मधेच दूध पाजायला आणून दिली, शाल धरून आडोसा केला. आयोजक घाई करू लागले तर म्हणाल्या, "देव थांबंल, लेकरू न्हाई थांबायचं." खंडोबाच्या बाणाईवर मी रचलेलं गाणं त्यांच्यामुळेच पूर्ण झालं. वर माझ्यासाठी भरीत-रोडगाही झाकून ठेवलेला! नाव विचारायचं राहिलं. मावशी, मनापासून आभार.