पूल येण्याआधी सांगणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव मी विचारलं नाही. चेहराही आठवत नाही, कारण मी पाहिलाच नव्हता. तुम्हीही माझा पाहिला नाहीत, तेव्हा फिट्टंफाट.

पावसाळ्यातली सकाळ, डोंबिवलीहून स्लो लोकल, दिव्यांग डबा. माझ्या हेडफोनचं चार्जिंग कोपर स्टेशनलाच संपलं होतं. ओल्या छत्र्या, कुणाच्या तरी मोबाइलवर फुल आवाजात रील, वर एकमेकांवर आपटणारे हँडल आणि प्रत्येक स्टेशनची तीन-तीन भाषांत घोषणा. बाकीच्यांना यातलं काही ऐकूच येत नाही, असं मला नेहमी वाटतं. माझ्या डोक्यात सगळं एकाच वेळी आणि सारख्याच जोराने शिरतं. मग मी डोलायला लागतो. तेवढंच हातात असतं.

दिवा स्टेशनला एक गृहस्थ चढले. "हातपाय धड आहेत ना तुझे? मग इथे काय करतोयस?" मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं. ऑटिझम आहे, असंही सांगितलं. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे, हेसुद्धा मला पाठ आहे. पण अशा वेळी तोंडातून दोन शब्दांच्या पुढे काही निघत नाही. "खोटं बोलतोयस म्हणून नजर चुकवतोयस. इकडे बघून बोल!"

हे वाक्य मी बालवाडीपासून ऐकतोय. एका बाईंनी तर हनुवटी धरून माझं तोंड फिरवलं होतं.

तेव्हा शेजारून तुम्ही म्हणालात, "अहो, माझ्याकडेही बघत नाहीये तो. मीही त्याच्याकडे बघत नाहीये. आमचं बरं चाललंय." आणि घडी केलेली पांढरी काठी मांडीवर नुसती वाजवलीत. डबा हसला. ते गृहस्थ पुढे सरकले.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी आभार मानले असते. पण हे पत्र त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे. तुम्ही मला काय होतंय ते विचारलं नाहीत, पाठीवर हात ठेवला नाहीत (लोक ठेवतात, आणि मला चटका बसल्यासारखं होतं), दीर्घ श्वास घे म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, "आवाजाचा त्रास होतो?" मी हं म्हटलं. मग पुढे तोंड ठेवून, हळू आवाजात, आवाज येण्याआधी तुम्ही तो सांगायला लागलात.

"समोरून फास्ट येतेय. हॉर्न देईल." दिला.

"कळवा गेलं. आता खाडीचा पूल, खालचा आवाज पोकळ होईल." झाला.

"आता ठाणे. आधी उतरणारे ओरडतील, मग चढणारे. चढणारे जास्त." अगदी तसंच.

आवाज तेवढेच होते, एकही कमी झाला नव्हता. पण आता ते अंगावर येत नव्हते. ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांसारखे येत होते. भांडुपपर्यंत माझं डोलणं थांबलं होतं. रोज कान देऊन प्रवास करणाऱ्या माणसाने आपलं वेळापत्रक मला अर्धं वाटून दिलं. मदत करणारे पुष्कळ भेटतात हो, पण बहुतेकांना आधी मी बिचारा असावा लागतो. तुम्हाला तशी गरज पडली नाही. अशा चांगुलपणाला कुठलं प्रशिक्षण लागत असेल असं वाटत नाही, नाहीतर शिकलेल्या बाईंना तो आधी जमला असता.

घाटकोपरला उठताना म्हणालात, "कुर्ल्याला बरेच उतरतील. तोवर तुझं तू सांग." मी सांगितलं, मनातल्या मनात. दादरला उतरलो तेव्हा शर्ट घामाने भिजला होता, पण ऑफिसला वेळेवर पोचलो.

आता कळवा गेलं की मी रोज पुटपुटतो, "पूल." शेजारचे बघतात. बघोत.

फोन तुम्हाला हे कधी वाचून दाखवेलच. मी अजून त्याच डब्यात असतो, खिडकीकडून दुसरा. तुमचा आवाज मी ओळखेन. नाव तेव्हा विचारतो.