वावराची परवानगी मागता, पण ससा आमच्या मालकीचा नाही

मा. संपादक,

मागच्या रविवारी तूर सोंगत होतो तर बाजूच्या गावचे दोन पोट्टे कुत्रे घेऊन आले, म्हणे काका तुमच्या वावरातून ससे काढू द्या, हरभरा खातात ना ते. विचारलं हे बरंच केलं, नाहीतर रात्री टॉर्च घेऊन न विचारता पीक तुडवत जाणारे पण आहेत. पण मी नाही म्हटलं.

सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून वावरातला ससा माझा होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात कुत्र्यानं पिटाळणं, फासे लावणं, नुसता प्रयत्न करणं पण शिकारच, आणि शेतकऱ्यानं हो म्हटल्यानं ते कायदेशीर होत नाही. हे गावात बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आपला ससा बिळात राहत नाही हो, धुऱ्यावरच्या गवतात दबून बसते, पिल्लं पण तिथंच उघड्यावर, कुत्रं आलं की त्यांना पळायला जागाच नाही. माझं नुकसान रानडुकरं करतात, सश्यानं कितीसं खाल्लं?

ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि कोणी शिकार करताना दिसलं तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, फोन करा.

एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ