अ‍ॅस्टोरियातली जुनी माणसं

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की अमेरिकेतल्या एवढ्याशा गावाला कसला आलाय इतिहास, तेवढ्यात आईने गुडघ्याचं काढलं आणि विषय तिथेच राहिला, म्हणून आता लिहूनच पाठवते.

अ‍ॅस्टोरिया ओरेगॉनच्या पार टोकाला आहे, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथे, वस्ती दहा हजाराच्या आसपास. ज्याच्या नावाचं गाव तो जॉन जेकब अ‍ॅस्टर इथे कधी फिरकलासुद्धा नाही, न्यूयॉर्कमध्ये बसून फरचा धंदा करायचा. त्याचं टॉन्क्विन जहाज 1811 मध्ये आलं तेव्हा नदीच्या तोंडाशी वाळूतून वाट शोधायला कप्तानाने खवळलेल्या पाण्यात छोट्या होड्या सोडल्या आणि आठ माणसं हकनाक गेली.

अर्थात चिनूक लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होतेच. त्यांचा म्होरक्या कॉमकॉमली, एका डोळ्याने आंधळा पण व्यवहाराला एकदम पक्का. त्याने फरवाल्यांशी सोयरीक केली, आपल्या मुली त्यांच्या साहेबांना दिल्या. तो वारल्यावर एका ब्रिटिश डॉक्टरने थडग्यातून त्याची कवटी काढून इंग्लंडला पाठवली, अभ्यासासाठी म्हणे! ती परत यायला शंभरावर वर्षं लागली. वाचून डोकंच फिरलं माझं.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या नातवाबद्दल. रॅनाल्ड मॅकडॉनल्ड, जन्म इथलाच, 1824 चा, बाप स्कॉटिश, आई कॉमकॉमलीची मुलगी. घरच्यांनी कॅनडात बँकेत चिकटवला होता पण हा काही तिथे रमला नाही, देवमासे मारणाऱ्या जहाजावर गेला आणि 1848 मध्ये जपानजवळ एकटाच छोट्या होडीत उतरला. तेव्हा जपानमध्ये परक्याला बंदी, म्हणून जहाज फुटल्याचं सोंग केलं. पकडून नागासाकीला नेलं, कैदेत ठेवलं, आणि तिथे गजांच्या आड बसून त्याने 14 दुभाष्यांना इंग्लिश शिकवलं. एकेक जण येऊन वाचून दाखवायचा आणि हा उच्चार सुधारायचा, 'ल' म्हणायचा की सगळ्यांचा 'र' व्हायचा म्हणे. पुढे अमेरिकेचं आरमार जपानला गेलं तेव्हा बोलणी करणाऱ्यांमध्ये मोरियामा हा याचाच विद्यार्थी होता!

आणि गावात गर्दी कुठे असते, तर कॅप्टन फ्लेवेलच्या बंगल्यावर. नदीच्या तोंडाशी असलेल्या त्या वाळूतून जहाजं आत आणून द्यायचा, त्यात बक्कळ कमावलं, 1885 च्या सुमारास हा टोलेजंग बंगला बांधला, वर मनोरा. बंगला सुंदर आहे, नाही म्हणत नाही मी, पण रॅनाल्डच्या नशिबी रस्त्याकडेचा एक दगड, त्यावर इंग्लिश आणि जपानीत मजकूर, आणि मी होते तेवढ्या वेळात तिथे एकही माणूस थांबला नाही.

आता बाबा, तुमच्यासाठी खास. इथल्या लाकडाच्या गिरणीत शंभर वर्षांपूर्वी बरेच पंजाबी लोक कामाला होते, आणि गदरची, म्हणजे हिंदुस्थानातून इंग्रजांना हाकलायला निघालेल्या पक्षाची, स्थापनेची सभा 1913 मध्ये या गावातच झाली, फिनिश कामगारांच्या हॉलमध्ये. सोहन सिंग भकना, लाला हरदयाळ ही मंडळी. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही गदरच्या सुरुवातीच्या लोकांपैकी, तेही ओरेगॉनमध्ये शेतीचं शिकत होते. गिरणी 1922 मध्ये जळाली, बहुतेक कुटुंबं पांगली. 2013 मध्ये गावाने आठवण म्हणून पाटी लावली आहे.

जूनमध्ये याल तेव्हा दोन दिवस इथेच राहू. टेकडीवरच्या मनोऱ्याला 164 पायऱ्या आहेत, त्यामुळे आई, तू खाली बाकावर बस, वर मी आणि बाबा जाऊ. आणि गुडघ्याचा एक्सरे काढलास का ते आधी सांग.

तुमची,
छकुली